दुसरा हार

धुळ्याहून जळगावला निघालेल्या एसटीत माझ्या शेजारी एक अक्का बसल्या होत्या. मांडीवर ओल्या टॉवेलात गुंडाळलेले झेंडूचे दोन हार होते. दर थांब्याला त्या बाटलीतलं पाणी हारांवर शिंपडायच्या, थोडं माझ्या पँटवरही. त्यांच्या गल्लीतली एक पोर कृत्रिम बुद्धिमत्तेवर संशोधन करते. तिचा आज जळगावात सत्कार होता.

"तिनी मशीनले आपली अहिरानी शिकाडी!" हे त्यांनी मला सांगितलं, कंडक्टरला सांगितलं, मागच्या सीटलाही सांगितलं. शिकवायला पोरीनं आवाज घेतला होता तो अक्कांचाच. "पोर म्हने, अक्का, घरमा बोलस तशीच बोल. मंग मी शिव्या बी दिन्यात!"

अख्खी बस हसली. मी विचारलं, "आणि दुसरा हार कोणाला?"

"मशीनले! दसराले ट्रॅक्टरले घालतस ना?"

मग हार सत्काराला वेळेत पोचायला हवेत, याची मलाच घाई झाली. एरंडोलला बस जरा रेंगाळली, तर ड्रायव्हरला हाका मारणारा मीच होतो.

जळगाव स्टँडवर पोर घ्यायला आली होती. "अक्का, मशीन आठे नई शे, ती दूर शे," ती म्हणाली आणि दुसरा हार तिनं अक्कांच्याच गळ्यात घातला. "तिले शिकाडनारी ते तूच ना!"

आम्ही भर स्टँडवर टाळ्या वाजवल्या. अक्का इतक्या लाजल्या, की त्यांनी पोरीला एक कचकचीत शिवी हासडली.

पोरीचे डोळे चमकले. तिनं झटकन रेकॉर्डिंग लावून मोबाईल पुढे धरला.

"अक्का, हाई शिवी राही गयती! परत दे ना!"