आत्यांचा अर्धा पेला

माझ्या बायकोच्या आत्यांच्या घरात शिरलेला पाण्याचा थेंब तीन जन्म घेतल्याशिवाय बाहेर पडत नाही. पहिल्या जन्मी तो तांदूळ धुतो, दुसऱ्या जन्मी पालेभाजीची माती काढतो आणि तिसऱ्या जन्मी कढीपत्त्याच्या मुळाशी जाऊन पुण्य कमावतो. मोरीच्या जाळीतून सुखासुखी निसटलेला थेंब त्या घरात अजून कुणी पाहिलेला नाही. जुन्या पनवेलातल्या आमच्या इमारतीत आत्या तळमजल्यावर राहतात आणि आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. आमच्या नळाची धार जरा लांबली, की खालून झाडूच्या दांड्याने ठोके पडतात. नवं लग्न झालं तेव्हा मी नळ सोडून दाढी करायचो आणि ठोके ऐकून समजायचो, की खाली सुताराचं काम चाललंय. "सुतार कसला? आत्या आहे. नळ बंद कर," असं बायकोने सांगितलं त्या दिवसापासून मी तांब्यात पाणी घेऊन दाढी करतो. परगावी हॉटेलात उतरलो तरी नळ सोडताना माझी नजर आधी जमिनीकडे जाते.

आत्यांकडे पाहुण्याला पाणी देण्याआधी एक प्रश्न विचारतात, "तहान किती हाय?" याचं उत्तर आयुष्यात कुणी तयार ठेवलेलं नसतं, त्यामुळे पाहुणा गडबडतो आणि आत्या अर्धा पेला भरून आणतात. मी नवा जावई म्हणून पहिल्यांदा जेवायला गेलो, तेव्हा ताटात तांदळाच्या भाकऱ्या होत्या, कोलंबीचं कालवण होतं, तळलेली सुरमई ताटाबाहेर डोकावत होती, आणि पाणी मात्र अर्धा पेला. "लागलं तर मागा, जावई, लाजू नका. पन भरून घेऊन उष्टं ठेवू नका," हे वर. तरी कुणी घोटभर ठेवलंच, तर आत्या रागावत नाहीत. तो पेला त्याच्याच देखत उचलतात, मागच्या अंगणात जातात आणि लिंबोणीच्या मुळाशी ओतताना त्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "घे बाय, पावन्यांनी तुला ठेवलंय."

घरातल्या प्रत्येक पाण्याचं झाड ठरलेलं. आंघोळीचं अळवाला, कारण अळवाला सगळं चालतं. डाळीचं तगरीला, मासळी धुतल्याचं लिंबोणीला. पण कुठलंही पाणी झाडाला देण्याआधी आत्या त्यात बोट बुडवून जिभेला लावायच्या. साबण लागला तर अळू, खारट लागलं तर थेट संडासात. "जिबेला इचारल्याशिवाय झाडाला द्याचं नाय," हा त्यांचा कायदा. आम्ही हे बघून तोंड वाकडं करायचो, आणि त्या आमच्याकडे बघून.

हे सगळं आलं कुठून, तर उरणकडच्या मिठागरातून. आत्या तिथल्या मीठवाल्यांची लेक. भरतीचं पाणी घराच्या उंबऱ्याशी आणि प्यायच्या हंड्यासाठी आख्खी सकाळ वणवण, असं त्यांचं बालपण. खाडीतल्या तिवरांखेरीज दाराशी काही जगत नसे. त्यामुळे लग्न होऊन पनवेलला आल्यावर त्यांनी अर्ध्या कापलेल्या निळ्या पिंपात ही लिंबोणी लावली, ती नुसती हौस नव्हती. तिला त्यांनी पोटच्या पोरीसारखं वाढवलं, तेही निव्वळ वापरलेल्या पाण्यावर. "नळाचा एक थेंब पाजला नाय हिला, बघा कशी भरलीय!" हे वाक्य त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलंय, की ते लिंबोणीच म्हणते आहे असं मला वाटतं. इमारतीतल्या कुणाचं पोट बिघडो की कुणाकडे पोहे होवोत, लिंबू तिचंच जायचं.

या थंडीत आत्यांना सणसणीत ताप आला. त्यातून उठल्या, पण त्यांनी पाठवलेली आमटी कधी खाडी, तर कधी नुसती वाफ. "वय झालं," बायको म्हणाली आणि आम्ही गुपचूप त्यात पाणी नाहीतर मीठ घालून जेवू लागलो. पुढे चैत्रात लिंबोणीची पानं कडेने करपायला लागली, फुलं गळायला लागली. आत्यांनी तिला ताकाचं पाणी दिलं, मग मीठमिरची ओवाळून दृष्ट काढली. संशय आमच्याही वरच्या मजल्यावरच्या काकूंवर होता, कारण "किती लिंबं लागलीत हो!" असं त्या मागे एकदा म्हणाल्या होत्या. बिचाऱ्या काकूंशी बोलणं बंद झालं.

एका दुपारी आत्यांनी मला खाली हाक मारली. पिंपातली माती वाळून तिच्या कडेला पांढरा पापुद्रा आला होता. त्यांनी तो नखाने खरवडून जिभेवर ठेवला आणि बराच वेळ थांबल्या. मग बोट माझ्यापुढे धरलं. "जावई, चाखा." सासरच्या माणसांनी जावयाला आजवर बरंच काही खायला घातलं असेल, पण माती घालणाऱ्या याच पहिल्या. मी चाखली.

"खारट आहे," मी म्हणालो.

आत्या कपडे धुवायच्या दगडावर मटकन बसल्या. "मला कायच लागत नाय. त्या तापापासून जीब मेलीय माजी. कुनाला सांगितलं नाय." खाऱ्या बांगड्याचं पाणी त्या नेहमीसारख्या चाखत राहिल्या आणि जीभ गप्प होती म्हणून सगळं लिंबोणीला घालत राहिल्या. "मीठवाल्याच्या पोरीनं झाडाला मीठ घातलं," त्या म्हणाल्या.

उपाय त्यांनाच ठाऊक होता. त्यांच्या गावी बांध फुटून खाडी भातशेतात शिरली, की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पेरत नसत. "गोडं पानी लागंल. वाहून जाईल एवढं." 'वाहून' हा शब्द त्यांनी एखादी शिवी तोंडात यावी तसा उच्चारला. नळाला पाइप लावला, तोटीवर हात ठेवला, पण हात काही फिरेना. शेवटी म्हणाल्या, "तुमी सोडा. मी आत जाते, मला आवाज ऐकवनार नाय." आत जाऊन त्यांनी टीव्ही मोठ्याने लावला.

मी नळ सोडला. पिंप भरलं आणि बुडाच्या भोकातून गढूळ धार वाहायला लागली. मी मात्र चोरासारखा इकडेतिकडे बघत उभा. एवढ्यात आत्या टब घेऊन आल्याच. "वाहू द्या, पन टबात!" त्या पाण्याने त्यांनी आख्खा जिना धुतला, अगदी वरपर्यंत. काकूंनी दार उघडून विचारलं, "कोण मंत्री येतोय का?" खरं कळल्यावर, नळाला पाणी यायच्या पुढच्या वारी लिंबोणीसाठी पहिली बादली त्याच काकू घेऊन उतरल्या. "भरून कशाला आनलीस? जिन्यात सांडली ना!" आत्या म्हणाल्या. तेवढ्यावर समेट झाला.

लिंबोणी वाचली. आत्यांची जीभ मात्र अजून आली नाही; येईल किंवा नाही येणार, असं डॉक्टर म्हणतात. तोवर रोज खालून हाक येते, "जावई, जीब घेऊन या!" आणि ज्या पाण्यांना मी नाक मुरडायचो, ती मी निमूटपणे चाखून देतो.

परवा आत्यांनी नव्या लिंबांचं सरबत केलं आणि मला पेला दिला तो काठोकाठ भरून. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "झाडानं दिलंय, त्यात अर्धं द्याचं नाय." मी घोट घेतला. साखर विसरली होती आणि मीठ दोनदा पडलं होतं. आत्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होत्या.

"कसं झालंय?"

"फक्कड," मी म्हणालो आणि पेला तोंडाला लावला तो रिकामा करूनच खाली ठेवला. पेल्यात उरेल ते कुठे जाणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आत्यांनी पेला उलटा करून बघितला. "तिला घोटभर पन नाय ठेवलंत?" असं म्हणाल्या खऱ्या, पण चेहरा खुलला होता.

वर येऊन मी नळ सोडला आणि चुळा भरत राहिलो. जरा वेळ झाला आणि खालून ठोका पडला, चांगला खणखणीत. नळ बंद करताना मला फार बरं वाटलं.