विझायची राहिलेली खिडकी

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या मांडवात समुद्रमंथन चाललं होतं. गणपतीच्या देखाव्याचं हो! कसबा पेठेतलं आमचं मंडळ छोटं, पण हौस दांडगी. मंदार पर्वत निम्मा रंगवून झाला होता, वासुकी नागाचं शेपूट उन्हात वाळत पडलं होतं, आणि सकाळी रेडिओवर बातमी आली की इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं. साल नव्वद. कुवेतमध्ये माझी सख्खी ताई होती. भावोजी तिथं एसी दुरुस्तीच्या कामाला, आणि पदरात चार वर्षांची पोर.

बाबा तसेच बनियनवर कोपऱ्यावरच्या फोन बूथमध्ये धावले. बूथवाला म्हणाला, "काका, तिकडं लागतच नाही. उगाच नंबर फिरवून बोटं दुखवू नका." आईनं देव पाण्यात ठेवले. नुसतं म्हणायचं म्हणून नव्हे, देव्हाऱ्यातले सगळे देव खरोखरच पितळी घंगाळात ठेवले आणि म्हणाली, "पोरगी दारात दिसेपर्यंत बसा आता असेच!"

तिसऱ्या दिवशी मंडळाची पोरं बाबांकडे आली. बाबा अध्यक्ष. तांब्या-पितळेची भांडी घडवणारा माणूस, त्यामुळे बोलणंही ठोक्यासारखं. पोरांना समुद्रमंथन नको होतं. "काका, कुवेतचा देखावा करू. पब्लिक तुटून पडेल!" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, लाज नाही वाटत? माझी बहीण तिथं अडकलीय आणि तुम्हाला पब्लिक सुचतंय? बाबांनी हातातली हातोडी खाली ठेवली आणि म्हणाले, "करा. कुवेत कुठं आहे ते तरी लोकांना कळेल."

मग काय विचारता! मंदार पर्वताची झाली वाळूची टेकडी. वासुकीच्या शेपटाला काळा रंग मारून तेलाची पाइपलाइन केली, फणा तेवढा कापून टाकला. तेलाच्या विहिरी पेटल्यात असं दाखवायला लाल-पिवळं कापड, खाली पंखा. विहिरी तेव्हा पेटल्याच नव्हत्या, हे ताईनं पुढं सांगितलं. लढाई संपता संपता त्या खऱ्याच पेटल्या आणि टीव्हीवर काळा धूर दिसायला लागला, तेव्हा बाबा जेवता जेवता उठून दुकानात निघून गेले.

एक इमारत मात्र बाबांनी कुणाला करू दिली नाही. ताईनं पाठवलेले फोटो पुढ्यात मांडून त्यांनी स्वतः प्लायवुड कापलं. चार मजले, दुसऱ्या मजल्यावर डावीकडं ताईचं घर. गच्चीतल्या दोरीवर चिंधीचे इवलेसे कपडेसुद्धा वाळत घातले. रणगाडे आले की सगळ्या गावाचे दिवे जायचे, असं ठरलं होतं. बाबांनी ताईच्या खिडकीतल्या बल्बची वायर वेगळी काढली. "ही खिडकी विझणार नाही," म्हणाले. कोण वाद घालणार?

निवेदन माझ्याकडं. लिहिलं होतं पेठेतल्या एका निवृत्त मास्तरांनी, आणि मास्तरांना मुळापासून सांगायची सवय. इंग्रजांनी वाळवंटात रेघा कशा ओढल्या, तेल कुणाच्या जमिनीखाली आणि नळ कुणाच्या हातात, आधीच्या लढाईत इराक कसा पिचला, बड्या देशांनी त्याला शस्त्रं कशी विकली. पहिल्या संध्याकाळी मी दुसऱ्या कारणावर होते तोवर निम्मी माणसं शेजारच्या मंडळाच्या कालियामर्दनाला गेली! बाबा मागून ओरडले, "कारणं पुरे! रणगाडे काढा!" मास्तर म्हणाले, "कारणं ऐकायला कुणी थांबत नाही, म्हणूनच तर रणगाडे निघतात." बाबा म्हणाले, "बरोबर आहे आपलं. पण अहो, गर्दी चाललीय."

शेवटी कारणं चार वाक्यांत बसवली आणि देखावा असा काही रंगला की बस्स! रांग पार वळणापर्यंत. मी माईक धरला की आवाज खणखणीत. रणगाडे खडखडत यायचे, टेपवर धडाधड स्फोट, दिवे फटाफट जायचे, बाया "अगंबाई" म्हणायच्या. त्या अंधारात ती एक खिडकी तेवढी पिवळी. रोज कुणीतरी पुणेकर ओरडायचाच, "अहो अध्यक्ष, एक विझायची राहिली!" बाबांचं उत्तर ठरलेलं. "दिसतंय. चष्मा लावलाय मी."

तिकडं अडकलेल्या लोकांना जॉर्डनमधून विमानानं मुंबईला आणतायत, असं पेपरात येत होतं. आमच्याकडं मात्र ना फोन, ना निरोप. आई घंगाळातलं पाणी रोज बदलायची.

आणि एका संध्याकाळी, ऐन गर्दीत, मी माईकवर म्हणत होते, "आणि या निष्पाप शहरावर..." पुढचं वाक्य राहूनच गेलं. रांगेत, एका फुगेवाल्याच्या मागं, ताई! मुंबईहून टॅक्सीनं आली होती, पेठेत रस्ते बंद, म्हणून पिशवी घेऊन चालत निघाली आणि गर्दीनं ढकलत ढकलत तिला थेट देखाव्यासमोर आणून उभं केलं. घराची वाटच तिथून होती. काळवंडलेली, निम्मी झालेली, पण ताईच! शेजारी भावोजी, खांद्यावर पोर. मी माईकमध्येच किंचाळले, "ताई! बाबा, ताई आली!" सगळ्या पेठेनं ऐकलं. बाबा मांडवातून उडी मारून धावले, त्यांची चप्पल वाळूच्या टेकडीवर राहिली. माणसं टाळ्या वाजवायला लागली, त्यांना वाटलं हाही देखाव्यातलाच भाग.

तेवढ्यात टेपवरचा स्फोट झाला. पोरीनं भावोजींच्या खांद्यावरून सपकन खाली उतरून प्रसादाच्या टेबलाखाली अंग चोरलं, दोन्ही कानांवर हात. रडली नाही. सवयीनं केलं तिनं ते. "बंद करा तो आवाज!" बाबा इतके ओरडले की शेजारच्या मंडळाच्या आरतीचे टाळसुद्धा थांबले. त्यानंतर आमचा देखावा मुकाच चालला.

घरी आल्यावर आईनं पोरीला मांडीवर घेतलं आणि मग देव पाण्यातून काढून पुसले. मी तर आनंदानं नाचत होते, सारखी ताईचा हात धरून बघत होते. ताई मात्र शेवयांची खीर पुढ्यात घेऊन नुसती बसली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही आमच्या खिडकीत दिवा ठेवलात. आम्ही खिडक्यांना काळी चादर लावून अंधारात बसायचो. वरच्या मजल्यावरची बाई हिला मांडीवर घेऊन बसायची, म्हणून ही झोपायची."

ती वरची बाई पॅलेस्टिनी. तिचं गाव एका जुन्या लढाईत गेलेलं, म्हणून तिच्या माणसांनी कुवेतमध्ये बिऱ्हाड केलं होतं. निघायच्या दिवशी तिनं ताईला वाटेसाठी भाकऱ्या भाजून दिल्या. ताईनं तिला म्हटलं, तुम्हीही निघा. ती म्हणाली, "तुम्हाला न्यायला तुमचं विमान येईल. आमचं कुठून येणार?"

मास्तरांच्या इतक्या कारणांत ही बाई कुठंच नव्हती. आई म्हणाली, "मग तिच्यासाठी कुणी देव पाण्यात ठेवले असतील का गं?"

दुसऱ्या संध्याकाळी देखावा सुरू व्हायच्या आधी बाबा स्टुलावर चढले. ताईच्या खिडकीतला बल्ब काढला आणि एक मजला वर लावला. दिवे गेल्यावर रांगेतून हाक आलीच, "अहो अध्यक्ष, आज खिडकी चुकली!"

"चुकली नाही," बाबा म्हणाले. "खालचे आले घरी. वरची बाई अजून तिथंच आहे."

विसर्जनानंतर सगळा देखावा मोडला, ती इमारत तेवढी बाबांनी दुकानात नेऊन ठेवली. संध्याकाळी दुकानात दिवा लावला की तोही बल्ब लावायचे. पुढं लढाई संपली. पॅलेस्टिनी पुढाऱ्यांनी इराकची बाजू घेतली होती, म्हणून वरच्या बाईच्या लोकांना कुवेतमधून घालवून देतायत, असं पेपरात आलं. ताईनं ओळखीच्या सगळ्यांकडं चौकशी केली, काही पत्ता लागला नाही. मग एकदा आई म्हणाली, "अहो, ती आता तिथं नाहीच म्हणतात. मग कशाला जाळताय रोज बल्ब?"

"कुठं गेली ते कळू दे," बाबा म्हणाले, "त्या गावाची खिडकी करतो. तोवर इथंच राहू दे तिला."