घरून येणारे प्रश्न

जिवंत माणसाचा दुखवट्याचा ठराव मांडणारा इंदापुरातला मी पहिलाच चिटणीस असेन.

स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती. उन्हाळ्यात शाळेच्या पटांगणात गॅसबत्त्या लावून आमची व्याख्यानमाला चाले. समाज कशाने टिकतो, माणूस मुळात भला की बुरा, असले विषय. पहिल्या दिवशी, वर्षभरात गेलेल्या श्रोत्यांसाठी मौन पाळायची रीत होती. वरकुट्याचे एक शेतकरी तात्या रोज सायकलीवरून येत, पुढच्या सतरंजीवर बसत आणि शेवटी असा प्रश्न टाकत की पुण्याचे प्राध्यापकही पाण्याचा पेला शोधत. मात्र प्रश्न नेहमी आदल्या दिवशीच्या व्याख्यानावर. तात्यांचं डोकं एक दिवस उशिरा पोचतं, असं म्हणून आम्ही शहाणे हसायचो.

त्या वर्षी माला सुरू व्हायच्या थोडं आधी मी बारामतीहून येष्टीने येत होतो. रस्त्याकडेच्या तात्यांच्या दारात तिरडी बांधत होते. माणसांत तात्या दिसले नाहीत. झालं. त्या घरात आणखी कुणी राहत असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. ठराव मात्र मी फार हृदयद्रावक लिहिला.

तो वाचला, सगळे माना खाली घालून उभे राहिले. घड्याळ माझ्या हातात, म्हणून मान वर असलेला मी एकटाच. तेवढ्यात फाटकातून तात्या आले. सायकल भिंतीला लावली आणि हात जोडून सगळ्यांच्या मागे उभे राहिले. मिनिट उलटलं तरी ‘बसा’ म्हणायला माझं तोंड उघडेना. बत्तीची फरफर तेवढी ऐकू येत होती. शेवटी पाहुणे वक्तेच खोकून खाली बसले.

व्याख्यान ‘माणसाला माणूस कशासाठी लागतो’ यावर होतं. मी एक अक्षर ऐकलं नाही. लोक वळून तात्यांकडे बघत, मग माझ्याकडे. शेवटी अध्यक्ष, पहिलाच दिवस आहे हे विसरून, सवयीने म्हणाले, “तात्या, तुमचा प्रश्न?”

तात्या उठले. “आता प्रश्न न्हाय. मी घरी जाऊन समदं सांगायचो. भाकरी थापता थापता मालकीण इचारायची, अन् दुसऱ्या दिशी तेच मी हितं इचारायचो. पंधरवड्यामागं ती गेली. ती हितं कधी आली न्हाय. तरी तुमी समदी तिच्यासाठी उभी ऱ्हायलात. लई झालं.”

खरं काय ते तात्यांना कुणी सांगितलं नाही. तेव्हाही नाही, पुढेही नाही. माझी प्रत्येक चूक गावभर करणारे आमचे खजिनदारसुद्धा सतरंजीचे धागे उपटत बसले.

तात्या नंतरही दरवर्षी येत. अध्यक्ष “काही प्रश्न?” म्हणाले, की जी शांतता पडे तिच्यात मला भाकरी थापल्याचा आवाज येई. अजूनही येतो.

त्या दिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तात्यांना खरं सांगावं की नाही, ते मला ठरवता येईना.

“आता कुठं ती बाई एकदा तिथं आली,” ती म्हणाली, “तिला परत कशाला हाकलता? तुमच्या ठरावातलं नाव तेवढं बदला. काय नाव होतं तिचं?”

ते मला ठाऊकच नव्हतं.

“मग उद्या सायकल काढा, आणि विचारून या.”