तपकिरी करील

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही, मुलाजवळ नाही. जिच्याजवळ बोलायला हवं होतं ती आता नाही, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. यात धाडस काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

तुमच्यापैकी काहींनी माझे फोटो पाहिले असतील. रानफुलांचे, काळेपांढरे. त्यांची प्रदर्शनं भरली, भाषणं झाली, शाली मिळाल्या. भाषणानंतर कुणीतरी हटकून विचारायचंच: रंगीत का नाही काढत? फूल म्हणजे शेवटी रंगच ना? आणि माझं उत्तर ठरलेलं असायचं. रंग डोळ्याला भुलवतो. रंग बाजूला केला की मगच फूल दिसतं, पाकळीची शीर दिसते, कडेची लव दिसते. टाळ्या पडायच्या. वाक्य वाईट नाही. कदाचित खरंही असेल. पण ते माझं कारण नव्हतं.

कारण सांगतो — पण जरा लांबून येऊ द्या. एकदम तिथे जाववत नाही.

आम्ही लष्करात, शिंदे की छावनीत राहायचो. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा आमचा भाग. तिथल्या मराठी माणसाला घर विचारलं तर तो ग्वाल्हेर म्हणत नसे, लष्कर म्हणे. वडील दरबारच्या कचेरीत होते. संस्थान विलीन झालं आणि कचेऱ्यांवरच्या पाट्या बदलल्या. ‘ग्वालियर राज्य’वर पांढरा हात मारून ‘मध्य भारत’ लिहिलं गेलं. पहिल्या पावसाळ्यात पांढरा रंग निघाला आणि खालचं जुनं नाव पुन्हा डोकवायला लागलं. वडील येता-जाता ते बघायचे आणि घरी येऊन हसून सांगायचे. मग त्यांना लवकर निवृत्त केलं आणि ते हसायचे थांबले.

घरात आम्ही तिघं: वडील, मी आणि माझ्याहून सात वर्षांनी मोठी ताई. आई मी लहान असतानाच गेली होती. ताईचं लग्न जमलं नाही. आधी पत्रिका आडवी आली, मग विलीनीकरण, मग वय. पण रडत बसणारी ती नव्हती. सराफ्याजवळच्या एका फोटो स्टुडिओचं काम ती घरी आणायची. त्या काळी फोटो काळेपांढरेच निघत आणि नवरीचा फोटो असा बिनरंगाचा कोण भिंतीवर लावणार? मग त्यावर हातानं रंग चढवायचा. ताई खिडकीशी पाट मांडून बसायची. काडीला कापूस गुंडाळलेला, तैलरंगाच्या चिमुकल्या ट्यूबा ओळीनं, टर्पेंटाइनचा वास घरभर. स्टुडिओवाले तोंडी निरोप द्यायचे, शालू अमका, चोळी तमकी, आणि ती असा रंग लावायची की नवरीची आई म्हणायची, हाच तो शालू. लोक स्टुडिओत येऊन विचारत, “वो मराठिन जीजी से ही करवाना।” तो वास मला आजही आला तर मी जिथे असेन तिथे थांबतो. मी कोपऱ्यात अभ्यास करतोय, ताई गुणगुणतेय, बाहेर तिळाची गजक विकणारा ओरडतोय. इतकं सुख मला पुढे कुठे मिळालं? नाही मिळालं.

आता कारण. मला रंग नीट दिसत नाहीत. लाल तर दिसतच नाही. तुम्ही ज्याला लाल म्हणता ते मला मातकट, तपकिरी, कधी काळपट दिसतं. हिरव्यातही घोळ आहे. लहानपणी सगळी पोरं झाडाकडे नुसतं बघून पिकली बोरं तोडायची आणि मी एकेक दाबून बघायचो. मला वाटायचं मी आळशी आहे. घरातही तसंच म्हणत.

खरं कळलं ते छोट्या लाइनवर, म्हणजे ग्वाल्हेरच्या नॅरोगेज रेल्वेवर, गार्डाच्या नोकरीसाठी गेलो तेव्हा. डॉक्टरनं रंगीत लोकरीचे धागे पुढे टाकले आणि म्हणाला, लाल वेगळे काढ. मी काढले. त्यानं माझ्या ढिगातले तपकिरी धागे एकेक करून परत काढले आणि कागदावर ‘नापास’ लिहिलं. घरी येऊन मी काय सांगितलं? सांगितलं, विलीनीकरणात जागाच गेली. कुणी दुसरा प्रश्न विचारला नाही. का विचारावा? त्या दिवसांत छावनीतल्या घराघरात कुणाची ना कुणाची जागा गेलीच होती. इतकं सोयीचं खोटं कुणाला मिळतं?

गार्ड व्हायचं राहिलं, पण एका नातलगाचा जुना कॅमेरा हाती होता आणि हात बरा होता. मध्य भारताच्या जंगल खात्यात फोटो काढायच्या कामावर लागलो. साहेब भिंडकडचे, चंबळच्या घळींत, बीहडात वाढलेले, मोठे हौशी गृहस्थ. नवं राज्य होणार, ग्वाल्हेरची राजधानी जाणार, भोपाळला सगळं हलणार, हे ठरल्यावर त्यांच्या मनात आलं की आपल्या भागातल्या रानफुलांचा एक अल्बम नव्या राज्याला द्यावा. रंगीत फिल्मची मंजुरी मिळेना. मी म्हणालो, काळेपांढरे काढतो, माझी बहीण रंगवेल. साहेब खूश झाले. काम पसंत पडलं तर खात्यात चित्रकाराची जागा तिला देतो म्हणाले, कायमची.

त्या संध्याकाळी ताईनं नवी ट्यूब फोडली नाही, नुसती हातात धरून बसली. “मी ऑफिसात जाणार?” म्हणाली. “साडी तर कोणती नेसू रे?” वडील विलीनीकरणानंतर पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

तो वसंत मी सायकलवर घालवला. तिघऱ्याच्या बाजूला, किल्ल्याच्या उतारावर, पार मुरारच्या पलीकडे. बरोबर खात्याचा एक चौकीदार असायचा. मी फोटो काढायचो आणि त्याची परीक्षा घेतल्यासारखं विचारायचो, “बताओ, कौन सा रंग है?” तो बिचारा गंभीरपणे सांगायचा — गुलाबी, जामुनी, लाल — आणि मी पाठ करून घरी यायचो. असं माझं चाललं होतं. पळस केशरी, बहावा पिवळा हे मला इतरांना पाढे पाठ असतात तसं पाठ होतं. ताईला मी शेजारी बसून सांगायचो, ती रंगवायची. एकेक फूल उठून उभं राहायचं म्हणे. मला ते तितकं दिसत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळायचं.

करीलचा फोटो काढला त्या दिवशी चौकीदार आला नव्हता.

करील म्हणजे आमच्याकडचं काटेरी, बिनपानांचं झुडूप. ओसाड जमिनीत उगवतं. त्याच्या फळांचं, टेंटीचं, लोणचं चंबळकडे घरोघर असतं. मला ते झुडूप फुललंय हेसुद्धा लांबून कळलं नाही. भोवती मधमाश्या दिसल्या म्हणून जवळ गेलो. फुलं तपकिरी होती. वाळल्या चिंचेसारखी. म्हणजे — मला तशी दिसली. दुसऱ्या दिवशी चौकीदाराला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. वाटलं, एवढं तर मला दिसतंच की.

घरी ताईनं फोटो बघितला आणि लाल ट्यूब उचलली. “करील आहे ना? हे तर लाल असतं. छावनीच्या मागे मैदानात होतं एक, मी पाहिलंय लहानपणी.”

तुम्हाला काय वाटतं, मी काय करायला हवं होतं? एक शब्द. “असेल, लाव.” बस. पण मला वाटलं, हिला कळलं. ही मुद्दाम विचारतेय. आणि मी तिच्यावर खेकसलो: “पाहून मी आलोय की तू? घरात बसून तुला काय माहीत? तपकिरी आहे. तपकिरी लाव.”

तिनं ट्यूब खाली ठेवली. “बरं बाबा, तू म्हणतोस तर तसंच,” म्हणाली. आणि तिनं लावलं. किती मन लावून! फूल मला तंतोतंत वाटलं. लाल लावलं असतं तरी मला तितकंच तंतोतंत वाटलं असतं, हे आज कळतं.

अल्बम घेऊन मी एकटाच साहेबांकडे गेलो. ताई दारापर्यंत आली होती. साहेब एकेक पान उलटत “वाह” म्हणत होते, आणि करीलवर थांबले. बीहडातला माणूस, करीलच्या सावलीत वाढलेला! आधी हसले, मग हसायचे थांबले. “भूरा करील? आपकी बहन ने करील देखा भी है कभी?” आणि मग मागे जाऊन आधीची पानं संशयानं बघायला लागले. जिला करील माहीत नाही तिचा बाकी फुलांवर काय भरवसा, असं त्यांच्या चेहऱ्यावर सरळ लिहिलं होतं.

तेव्हा मी बोललो. शब्द जसेच्या तसे सांगतो, कारण ते मी विसरलेलो नाही. “साहब, मैंने तो ठीक बताया था। वो घर में बैठकर रंग भरती हैं।”

झालं. एवढंच. आवाजसुद्धा कापला नाही माझा.

साहेबांनी बिनरंगाचे फोटो मागवले. बघून म्हणाले, “ये तो ऐसे ही अच्छे हैं।” अल्बम काळापांढराच भोपाळला गेला. दिवाळीच्या तोंडावर नवं राज्य झालं, पाट्या पुन्हा रंगवल्या गेल्या, आणि माझी कायमची नोकरी भोपाळला लागली. ‘काळ्यापांढऱ्यातली फुलं’ म्हणून माझं नाव झालं ते तिथून. बघा, कुठून झालं.

ताईला मी सांगितलं की करीलचा रंग चुकला, साहेब नाराज झाले. कुणामुळे चुकला ते बोललो नाही. न बोलताच तिनं ते स्वतःवर घेतलं. “तू तर पाहून तपकिरी सांगितलंस,” ती विचार करत म्हणाली, “मग मी लावला तो तपकिरी नव्हताच की काय? की मला लाल आणि तपकिरी सारखं दिसून राहिलंय?” ती खिडकीशी गेली आणि दोन्ही ट्यूबा उजेडात धरून आळीपाळीनं बघत राहिली. मी तिथेच उभा होतो. तिच्या हातातल्या दोन ट्यूबांमधला फरक मला दिसत नव्हता, आणि तो फरक तिला दिसतो का, ही शंका तिच्या मनात मी घातली होती.

त्यानंतर तिचा हात थबकायला लागला. शालू लाल सांगितला तर शेजारणीला बोलावून विचारायची, हे लालच ना? स्टुडिओवाल्यानं खूप समजावलं. शेवटी तिनं स्वतःच काम सोडलं. नवरीच्या फोटोत चूक झाली तर कुणाच्या घरी जन्मभर टांगलेली राहील, म्हणाली. मग गोरखीच्या बाजूला मुलींना शिवण शिकवायची, आणि दोरे निवडायला मुलींनाच सांगायची.

ग्वाल्हेरात माझं प्रदर्शन भरलं तेव्हा ती पहिल्या रांगेत बसली होती. रंग भुलवतो हे माझं वाक्य झाल्यावर तिनं सगळ्यांत आधी टाळी वाजवली. नंतर शेजारच्या बाईंना अभिमानानं सांगत होती, “मी तर याची फुलं रंगवून बिघडवून ठेवली असती.” दिवाळीला मी घरी गेलो की साडी घ्यायला मला घेऊन जायची. दुकानात सगळ्यांसमोर म्हणायची, तू सांग रे, तुझी नजर चांगली. आणि मी सांगायचो! दुकानदाराच्या तोंडून रंगाचं नाव निघेपर्यंत थांबायचो आणि मग मान डोलवायचो.

म्हातारपणी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मी तोवर निवृत्त होऊन ग्वाल्हेरला परतलो होतो. पट्टी निघाल्यावर डॉक्टरनं सगळ्या तपासण्या केल्या आणि तिला म्हणाला, आजी, रंगांची नजर तुमची पहिल्यापासूनच उत्तम असणार. ती घरी आली, चहा झाला, आणि तिनं मला विचारलं. रागानं नाही, खरोखर कोडं पडल्यासारखं. “डॉक्टर तर असं म्हणाला. मग तेव्हा करीलला काय झालं असेल रे?”

खोलीत आम्ही दोघंच होतो. ती माझ्याकडे बघत होती, नव्या, स्वच्छ डोळ्यांनी.

मी म्हणालो, “आत्ताचा डॉक्टर तेव्हाचं काय सांगणार? तेव्हा होता दोष, नक्की.”

“तसंच असेल,” ती म्हणाली, आणि कपबशा उचलून आत गेली.

कधी कधी मनात येतं, तिला माहीत असेल. मला तसं वाटायला फार आवडेल. पण नाही, तिला माहीत नव्हतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच होतं ते. त्यानंतर ती आणखी काही वर्षं होती. मी जवळजवळ रोज तिच्याकडे जायचो, आणि रोज तसाच परत यायचो.

करील लाल असतं. ताईचे डोळे जन्मभर चांगले होते. खराब होते ते माझे, आणि हे मला तेव्हाही माहीत होतं.