मंडईच्या स्टेजवरचा इंटरव्ह्यू

"आवाज! ओ भाऊ, आवाज! मागं काईच आयकू येऊन नाई राह्यलं!"

मी स्टेजवर उभा होतो. समोर स्टूल, स्टुलावर विटा, विटांना टेकवलेला मोबाइल आणि मोबाइलात नागपूरच्या ऑफिसात बसलेले दोन साहेब अन् एक मॅडम. स्वतःची ओळख करून देता देता मी नुकताच माझ्या बीएस्सीपर्यंत पोचलो होतो. मॅडमनं भुवया वर केल्या आणि विचारलं, तिकडं आणखी कोणी आहे का. मी म्हटलं, कोणी नाही मॅडम. त्या वेळी माझ्यासमोर सगळं गाव, गावाचे पाहुणे, पाहुण्यांचे पाहुणे आणि कोणाची तरी सुटलेली एक म्हैस एवढी मंडळी बसून होती. म्हैस सोडली तर सगळे चणे खात होते.

मागून ओरडणारे गृहस्थ कोरपन्याकडचे, कापूसवाले, आणि माझे सासरे. म्हणजे अजून व्हायचे होते. माझ्या बाबांना त्यांनी स्वच्छ सांगून ठेवलं होतं, पोराला नोकरी लागू द्या, मग बोलू. त्यांची एसटी उशिरा आली, पुढच्या जागा गेल्या होत्या, त्यामुळं ज्या माणसाच्या हातात माझं लग्न होतं नेमका त्यालाच माझा इंटरव्ह्यू ऐकू येत नव्हता.

त्यांच्या मुलीला मी गडचांदूरच्या एका लग्नात पाहिलं होतं. मी पंगतीत वांग्याची भाजी वाढत होतो. तिनं वर न पाहता पानावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "बस झालं." तेवढ्या दोन शब्दांवर मी पुढचे दोन उन्हाळे काढले. चंद्रपूर-गडचिरोलीचे उन्हाळे म्हणतोय मी. ज्यात डांबर उकळतं आणि कावळे चालत जातात.

आता नोकरीचं सांगतो. तसा मी रिकामा कधीच नव्हतो. वनरक्षकाच्या भरतीत मी इतक्या जोरात धावलो की वेळ मोजणारी माणसं मागं राहिली, म्हणून वेळ नोंदवताच आली नाही. पोलीस भरतीत छाती मोजायला लागले तर मी अशी फुगवली की फीत तुटली. दुसरी फीत गडचिरोलीहून येईपर्यंत माझ्याच्यानं हवा धरवली नाही. तलाठ्याच्या परीक्षेला माझ्या बाकावर जे गृहस्थ होते त्यांचा मुलगा माझ्या मागच्या बाकावर होता, आणि बापलेक दोघंही एकमेकांपासून उत्तरं लपवत होते. आमच्या गावची तेंदूपत्ता तोडणारी टोळी बघा एकदा. तिच्यात एमए आहेत, बीएड आहेत, एक तर नेट पास आहे. परवा झुडपात अस्वल दिसलं तर ही मंडळी पळाली ती गुणवत्तेच्या क्रमानं.

अशात गडचांदूरकडच्या एका सिमेंट कारखान्याच्या कंत्राटदाराकडं एक जागा निघाली. ट्रकांचं वजन करायच्या काट्यावर बसून कॉम्प्युटर चालवायचा. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "डोक्यावर पंखा राहीन?" मी म्हटलं राहील. बाबांनी त्याच संध्याकाळी कोरपन्याच्या पाहुण्यांना मंडईचं निमंत्रण धाडलं.

दिवाळी झाली, धान कापून झाला की आमच्या झाडीपट्टीत, पूर्व विदर्भाच्या या धानपट्ट्यात, गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक आणि मधल्या वेळात सोयरिकी. घराघरात पाहुणे मावत नाहीत. मंडईत पोरगं बघितलं, नाटक पाहिलं, सकाळी होकार दिला, असे कितीतरी संसार आमच्याकडं उभे आहेत आणि बरे चालले आहेत.

इंटरव्ह्यूचा मेसेज आला तो नेमका मंडईच्या दिवसाचा, दुपारचा, आणि मोबाइलवरून. गडचिरोली जिल्ह्यात, मुलचेऱ्याच्या वाटेवर आमचं गाव. तिथं नेटवर्क तीनच ठिकाणी येतं. एक, पोलीस पाटलाच्या बोरीखाली, पण तिथं एका पायावर उभं राहावं लागतं. दुसरा पाय टेकला की रेंज गेली. दोन, पाण्याच्या टाकीवर. मागच्या वर्षी एक पोरगा असाच इंटरव्ह्यू द्यायला टाकीवर चढला होता. लोकांना वाटलं उडी मारतो. खाली गादी घेऊन गाव जमलं, पोलिसांची गाडी आली, त्याची आई रडायला लागली. साहेबांनी त्याला विचारलं, तुमची अपेक्षा काय? तो म्हणाला, मला खाली उतरवा. तेव्हापासून टाकीला कुलूप आहे. उरली तिसरी जागा. मंडईचं मैदान जरा उंचावर, त्यावर रात्रीच्या नाटकाचं स्टेज, आणि त्या स्टेजच्या मधोमध रेंज अशी यायची की मोबाइल हातात थरथरायचा.

नाट्यमंडळाच्या पोरांनी लगेच परवानगी दिली. मी समजत होतो, दुपारी मैदानात कोण असणार? पण नाटकाची पुढची जागा धरायला आमच्याकडं बाया दुपारीच चटया घेऊन येतात, आणि चटई सोडून कोणी जात नाही, कारण परत आल्यावर चटई तीच असते, फक्त चार हात मागं गेलेली असते. सगळं मैदान भरलेलं होतं. मी स्टेजवर चढलो तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. सवय असते.

आणि विंगेत प्रॉम्टरमास्तर बसलेले होते. हे गावचे शिंपी. आमच्या नाटकात नट रोज वेगळ्या गावात वेगळं नाटक करतो, पाठांतराला फुरसत कुठली? विंगेतून प्रॉम्टर वाक्य देतो, नट ते झेलतो आणि पब्लिकवर फेकतो. मीही गावच्या नाटकात हवालदार झालो होतो, सेनापती झालो होतो, एकदा तर आजारी नटीच्या जागी अर्धा अंक वहिनी झालो होतो. त्यामुळं कानाला वळण पडलेलं. विंगेतून आलं की तोंडातून निघतं, मधे डोकं लागत नाही. मी माझी उत्तरं स्वच्छ अक्षरात लिहून मास्तरांना दिली होती आणि पाया पडून सांगितलं होतं, अडलो तरच द्या.

तर मागून "आवाज" अशी आरोळी आली. साउंडवाल्या भाऊनं जन्मभर एवढंच काम केलेलं. कोणी आवाज म्हटलं की त्याचे हात आपोआप चालतात. त्यानं एक माइक माझ्या छातीशी उभा केला, दुसरा मोबाइलपुढं, आणि पुढच्या क्षणी नागपूरचे मोठे साहेब खोकले ते थेट नदीपलीकडं ऐकू गेलं. लोक खूश झाले. साहेबांना आपलाच खोकला परत ऐकू आला, तेव्हा त्यांनी विचारलं, तुमच्या मागं हा राजवाडा कुणाचा आहे?

मी मागं पाहिलं. मंडळींनी रात्रीचा पडदा लावून ठेवला होता, खांब, झुंबर, कारंजं, सगळं रंगवलेलं. मी खरं ते सांगितलं. म्हटलं, रात्रीचा आहे सर.

साहेबांनी ते पचवलं आणि विचारलं, ही नोकरी तुम्हाला का हवी आहे?

माझं उत्तर तयार होतं. मला शिकण्याची आवड असून कंपनीची प्रगती तीच माझी प्रगती, वगैरे. मी फक्त श्वास घ्यायला थांबलो. पण नट थांबला की प्रॉम्टरला राहवत नाही. विंगेतून मास्तरांची ती कुजबुज आली, जी आजवर शेवटच्या चटईपर्यंत पोचत आली आहे, आणि माझं तोंड उघडलं.

"साहेब! ज्या डोंगराचा चुरा करून तुम्ही सिमेंट करता, त्या डोंगराच्या सावलीत या लेकराचं बालपण गेलं आहे! आज तो डोंगर नाही, पण हे लेकरू आहे! त्याला सावली द्या, साहेब!"

तो डोंगर आमच्या गावापासून अख्खा एक जिल्हा पलीकडं आहे. त्याची सावली आमच्यापर्यंत यायची म्हणजे सूर्याला एसटी बदलावी लागेल. पण शिट्ट्या अशा पडल्या की झाडावरची पाखरं उठली. आणि मग आलं ते "वन्स मोर".

आमच्याकडं वन्स मोर टाळता येत नाही. दिला नाही तर नाटक पुढं सरकत नाही. मी मॅडमना म्हटलं, एक मिनिट हं. आणि पुन्हा म्हणून दाखवलं. दुसऱ्या वेळी गुडघ्यावर बसलो. तिसऱ्या वेळी साउंडवाल्यानं मागून करुण संगीत सोडलं. धाकट्या साहेबांनी तोंडाला रुमाल लावला होता. ते रडत होते की काय, सांगता येत नाही. तेवढ्यात नाटकाच्या निवेदकानं माइक ओढला आणि जाहीर केलं की डोंगराच्या संवादावर खूश होऊन गावच्या माजी सरपंचांकडून उमेदवाराला बक्षीस. मॅडमनं विचारलं, कसलं बक्षीस? मी म्हटलं, इकडं असं असतं मॅडम.

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "कॉलेज संपून बरीच वर्षं झाली तुम्हाला. एवढी वर्षं काय करत होतात?"

भोंग्यातून तो प्रश्न सगळ्या मैदानावर पडला. चणे खाणारे थांबले. मी विंगेकडं पाहिलं. मास्तर हातातल्या कागदाकडं बघत बसले होते, ओठ हलत नव्हते. त्यांचा स्वतःचा पोरगा एमकॉम होऊन घरी बसलेला. हाच प्रश्न त्यांच्या घरात रोज दोन्ही वेळा ताटात वाढला जात होता, आणि त्याचं उत्तर त्यांच्याकडं कुठल्याच नाटकात नव्हतं. मला कोरपन्याचे पाहुणे दिसत होते, शेवटच्या रांगेत, मान उंच करून.

पुढच्या चटईवरून बाबा उठले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत. घरातही बैलाशी जास्त बोलतात. माइकबिइक काही नव्हतं त्यांच्याजवळ, पण मैदान इतकं गप्प होतं की नागपूरला ऐकू गेलं.

"फारम भरून राह्यला होता, मॅडम. पोरगं घरी बसून नाई राह्यलं."

या वाक्याला कोणी टाळी वाजवली नाही. मग मागून हालचाल झाली. कोरपन्याचे पाहुणे चटया ओलांडत, बायांची बोलणी खात पुढं आले आणि निवेदकाच्या कानाला लागले. सासरा बक्षीस द्यायला उठला म्हणजे सोयरीक झालीच की! निवेदकानं घसा साफ केला.

"कोरपन्याहून आलेल्या पाहुण्यांकडून, प्रश्न विचारणाऱ्या मॅडमले बक्षीस. प्रश्न एकदम बराबर विचारला."

आणि मैदान फुटलं. टाळ्या, शिट्ट्या, म्हैस उठून उभी राहिली. स्टेजचा पुढचा पडदा ओढणाऱ्याला एवढंच माहीत होतं की टाळ्यांचा असा कडकडाट झाला की अंक संपतो. त्यानं दोरी सोडली. मी आणि राजवाडा पडद्याच्या आत राहिलो, मोबाइल बाहेर. बराच वेळ भोंग्यातून मॅडमचा आवाज येत होता, "हॅलो? हॅलो? तुम्ही आहात का?" आणि पब्लिक एका सुरात सांगत होतं, "हाये, हाये!"

पाहुणे रात्रीचं नाटक बघून, सकाळी वडाभात खाऊन गेले. जाताना जयभीम म्हणाले, सोयरिकीचं काहीच बोलले नाहीत. बाबा म्हणाले, नोकरीचं कळू दे, त्यांना तरी काय घाई. मास्तरांना मी जाब विचारला तर म्हणाले, "भाऊ, तुह्या उत्तरात दम नव्हता. मी होतो म्हून वन्स मोर भेटला."

त्यानंतर मी रोज बोरीखाली एका पायावर उभा राहू लागलो. इतका, की एक बगळा माझ्याकडं बघून शिकून गेला. अखेर एके सकाळी मॅडमचाच फोन लागला. मी विचारलं, माझं काय झालं? त्या म्हणाल्या, इंटरव्ह्यू छान झाला तुमचा, ऑफिसात अजून आठवण काढतात. मी म्हटलं, अन् जागा? त्या म्हणाल्या, जागा दसऱ्यालाच भरली होती. मी म्हटलं, मॅडम, मग दिवाळीनंतर इंटरव्ह्यू कशासाठी घेतला? तर म्हणाल्या, घ्यावा लागतो. माझा दुसरा पाय टेकला आणि रेंज गेली.

बाबांना हे सांगितलं तर ते खूशच झाले. म्हणाले, म्हणजे तुझ्यात खोट नाही, जागाच नव्हती. हे पाहुण्यांना समोर बसून सांगितलं पाहिजे. धुतलेला शर्ट घातला, मला घेतलं आणि आम्ही एसट्या बदलत बदलत दिवसभरात कोरपन्याकडं पोचलो. कपाशी फुटलेली, घरभर कापसाचे ढीग, पाहुण्यांनी ढिगावरच बसवलं, चहा आणला. आतल्या खोलीत बांगड्या वाजल्या. मी त्या आवाजाकडं न बघता बघत होतो. बाबांनी सगळं नीट मांडलं. जागा दसऱ्यालाच भरलेली, तरी दिवाळीनंतर पोराला उभं केलं, आता यात पोराचा काय दोष, तुम्हीच सांगा.

पाहुण्यांनी बशीतला चहा संपवला, बशी कपावर पालथी घातली.

"आमचंई तसंच हाये, भाऊ," ते म्हणाले. "पोरीचं दसऱ्यालेच जमलं होतं. पण तुमी मंडईले बलावलं, तं पोरगं पाहावं लागते."