फोटोपुरती दिलेली चावी

जवळ सरक वो पोरी. कागदावरच भेटून राह्यलो आपण, तरी सरक. तुह्यावर थोडा राग हाय माहा. संग्रामपुरात त्या मोठ्या फलकावर मावशीचा फोटो पाह्यला अन् फोन करून म्हणते, "मावशी, किती छान हसली वो." एवढी शिकली तू, अन् तुले हसू तेवढं दिसलं.

त्या फोटोत माह्या डोक्यावर पाण्याची तांब्याची गुंडी हाय. ती माही नाही.

शहरातल्या संस्थेनं गावात पाणी गोड कराचं यंत्र बसवलं, त्याच्या उद्घाटनाचा तो दिवस. मी माही प्लास्टिकची कॅन घेऊन गेल्ती. फोटोवाला म्हणे, कॅन बरी दिसत नाही. तवा भाऊसाहेबाच्या घरातून गुंडी आणली. भरली. माह्या डोक्यावर ठेवली. भाऊसाहेब म्हंजे गावचे जुने सरपंच. संस्थेच्या मॅडम म्हणल्या, "काकू, जरा हसा ना." मी हसली. फोटो झाला. गुंडी उतरवली. भाऊसाहेबाच्या बाईसाहेबानं सगळ्यायच्या समोर ते पाणी ढोराच्या टाक्यात ओतलं अन् घरकामाच्या गडणीले म्हणल्या, "मातीनं घास वो नीट. दोनदा."

दोनदा.

मॅडम तवर गाडीत बसल्या होत्या. माही कॅन रिकामी. तशीच घरी आली. थोबाडावर कोणी शेण मारावं अन् पुसाले आपले हात मोकळे नसावे, तसं झालं.

आमच्याकडचं पाणी तुले ठाऊक हाय. जमिनीतलं सगळं खारं. डाळ शिजत नाही त्यात, साबणाले फेस येत नाही. तुहे मावसाजी किडनीनं गेले. वस्तीत घरोघरी तेच. संस्थेचं पाणी खरंच गोड, ते मी नाकारत नाही. पण पाइपाची नाली कोणी खोदली? श्रमदान म्हून आमच्या वस्तीच्या बायायनं. माही शेजारीण रशीदाबी, बांगड्या विकणारी, तिच्या हाताले फोड आले. अन् यंत्र कुठं बसलं? भाऊसाहेबानं दान देल्लेल्या जागेत, त्यायच्याच फाटकासमोर. सकाळी गाव भरे. आमची पाळी चारनंतर. चार वाजता नळातून नुसती हवा निंघे.

संस्थेचा एक कायदा होता. समितीची अध्यक्ष वस्तीतलीच बाई पाह्यजे, अन् यंत्राच्या खोलीची चावी तिच्याजवळच पाह्यजे. तवा कागदावर माहं नाव. चावी भाऊसाहेबाच्या खिशात. एकदा मांगाले गेली, तर ओसरीवरूनच म्हणे, "तुले काय समजते मशीनमधलं? नाव देल्लं ना, खुश राह्य."

वर्ष झालं. मॅडम तपासणीले आल्या, फोटोवाला संगं. त्यायनं विचारलं, "चावी कोणाकडे असते?"

भाऊसाहेब म्हणे, "यायच्याच जवळ." अन् मांगून माह्या हातात चावी सरकवली.

मॅडमनं फोटो काढला, वहीत लिहिलं, माही सही घेतली. लिहिणं-वाचणं अन् सही मी सुनेच्या जुन्या वह्यायवर गिरवून शिकली, तेही वर्षभरातच. गाडी गेली. भाऊसाहेबानं हात पुढं केला. माह्याकडं पाह्यलं बी नाही, पानठेल्यावाल्यासंगं बोलतच होते. एवढी खातरी.

मी चावी पदराच्या गाठीत बांधली.

"काय करून राह्यली?"

"ठेवून राह्यली."

मांगून रशीदाबी बोलली, "देना नको, माय."

भाऊसाहेब मले म्हणे, "लई माजली का वो?"

"हाव. वर्षापासून माजून राह्यली. तुमाले आज दिसलं."

दुसरी चावी असन त्यायच्याजवळ, म्हून त्याच दिवशी बाजारातून नवं कुलूप आणलं. सकाळी सहाले खोली उघडली. ज्यायनं नाली खोदली त्यायच्या कॅना आधी. मंग गाव. बाईसाहेब स्वतः आल्या, थेट नळाकडं चालल्या. मी म्हणलं, "मांगं."

"मी? रांगेत?"

"रशीदाबीच्या मांगं."

उभ्या राह्यल्या. पाऊण घंटा. मी घड्याळ पाह्यलं. मले गोड वाटलं, खोटं काऊन बोलू? लोकं म्हणतात, मावशी, झालं आता, मन मोठं कर. नाही करत. मन मोठं कराचं काम लई वर्सं आमच्याकडंच होतं. आता थोडं त्यायनं करावं. पाणी मी कोणाले नाही म्हणत नाही. पह्यला नंबर देत नाही.

आता भाऊसाहेबानं येत्या ग्रामसभेसाठी अर्ज देल्ला, मले अध्यक्षपदावरून काढा म्हणे. कारण काय, तर बाई उद्धट हाय. हाव, हाय. मी बी मॅडमले दोन पानाचं पत्र धाडलं. सगळं लिहिलं, अन् तो फोटो फलकावरून उतरवा, असं बी लिहिलं. त्याच पत्राची नक्कल मी सभेत वाचीन, त्यायच्या तोंडासमोर. आवाज कापला तर कापू दे. वाचीन. अन् चावी घ्याले जो येईन, त्याले आधी माहा हात तोडा लागन.

तू लवकर ये वो. सभेच्या आधी ये. सभेत आमच्या वस्तीच्या बाया खाली बसतात, आजवर तसंच हाय. या खेपेले पुढच्या ओळीतल्या दोन खुर्च्यायवर आपण दोघी बसू. कोण उठवाले येते, पाहू.