उसवायचा शब्द

मावशीचं डोकं फिरलं ते एका शब्दावरून. मनोरुग्णालयाच्या बायकांच्या वॉर्डात बावीस वर्षं सतरंज्या घालणारी, चादरी बदलणारी ही बाई. कुणाचं आज काय बिनसलंय, ते तिला नुसत्या चालीवरून कळायचं. पण तिला विचारतंय कोण!

दर गुरुवारी वरच्या ऑफिसातून प्रशिक्षणवाल्या बाई यायच्या, पेशंट बायकांचा ताण कमी करायचा वर्ग घ्यायला. हातात छापील कागद, डोळा घड्याळावर. "श्वास घ्या. सोडा. खांदे सैल. आता स्वतःची कीव करा." कीव! अहो, 'माया' म्हणायचं तिथे कुणा दीडशहाण्याने 'कीव' छापलं, आणि बाईंनी ते तस्संच वाचलं.

कोपऱ्यातल्या खाटेवरची शिंपीण पहिल्याच दिवशी ताडकन उठली. "कीव करायला घरी सासू, दीर, जाऊ आहेत की! त्यात माझी भर कशाला?" बाईंनी लिहिलं, 'सहकार्य नाही'. पुढच्या गुरुवारी तेच. तिसऱ्यांदा असाच शेरा आला असता, तर तिची घरी जायची तारीख महिनाभर पुढे गेली असती. आणि तिकडे लेक रोज फोनवर विचारत होती, "आई, आता किती दिवस?"

"एका शब्दापायी माणूस अडकवून ठेवायचं? कुठला न्याय हा?" मावशीने अभ्र्यांचा गठ्ठा टेबलावर आपटला.

फाटके अभ्रे शिंपीणच शिवून द्यायची. टाका जरा वाकडा गेला की स्वतःलाच शिव्या. "मेली, हात झडो तुझे."

मावशीने तिच्या हातातली सुई काढून घेतली. "काय गं, तुझ्या दुकानात शिकायला येणाऱ्या पोरीने बाही उलटी लावली, तर तिलाही असंच म्हणतेस?"

"छे! तिला म्हणते, असू दे गं, उसवू, परत लावू."

"मग तू काय स्वतःची सवत आहेस? श्वास सोडताना स्वतःलाही तेच म्हण."

आठवडाभर दोघी तेच करत बसल्या. शिंपिणीचे कानाला भिडलेले खांदे खाली आले. झोप लागायला लागली.

गुरुवारी बाईंनी पुन्हा कीव काढली. शिंपिणीने डोळे मिटले, लांब श्वास सोडला आणि ती म्हणाली, "असू दे गं, उसवू, परत लावू."

"हे कागदावर नाही," म्हणत बाईंनी पेन उचललं.

"कागद गेला चुलीत!" मावशी कडाडली. "तिचे खांदे बघा! कागद वाचता, तसं जरा माणूसही वाचा की!"

फेरीवर आलेले डॉक्टर दारातच थांबले. त्यांनी शिंपिणीला चार प्रश्न विचारले, नाडी पाहिली आणि तिला शनिवारी घरी सोडायच्या कागदावर सही केली. मावशीला मात्र मेमो मिळाला. आवाज चढवला, परवानगी नसताना शिकवलं. वा रे वा!

शनिवारी शिंपीण पिशवी घेऊन निघाली, तर मावशी दाराशी मेमो धरून पुटपुटत होती, "मेली, तोंड आवरत नाही तुला. या वयात मेमो घेतलास!"

शिंपीण थबकली. "मावशी, शिकणाऱ्या पोरीला असं म्हणाल?"

मावशीचे डोळे भरून आले. तिने लांब श्वास सोडला, मेमोची घडी घालून कमरेला खोचली.

"असू दे गं," ती स्वतःला म्हणाली. "पण कागदावरचा तो शब्द मी उसवणार म्हणजे उसवणारच."